आज घर

मारोतरावांच्या आठवड्यात सोमवार नाही. मंगळवार, बुधवारही नाहीत. त्यांना वार ठाऊक नाहीत असं समजू नका. भिंतीवरचं कॅलेंडर ते माझ्याइतकंच नीट वाचतात. पण वाराचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. "मामा, आज कोणता वार?" असं विचारलं की ते म्हणतात, "आज सेनगाव." दुसऱ्या दिवशी विचारा, "पुसेगाव." मग औंढा, मग हिंगोली, मग कळमनुरी, मग डोंगरकडा.

आठवडी बाजारावरून दिवस ओळखणारी जुनी माणसं आमच्या भागात अजून आहेत, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. खटकला तो हिशेब. बाजाराची गावं सहा आणि दिवस सात. म्हणून सातव्या दिवशी मी मुद्दाम गेटवर अडवून विचारलं, "मामा, आज काय?"

"आज घर," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

घर नावाचा बाजार कुठे भरतो, ते मी दोघा-तिघांना विचारून पाहिलं. कुणालाच माहीत नव्हतं.

मी हिंगोलीजवळच्या एका हळदीच्या कारखान्यात हजेरी लिहितो. अंगठा लावायचं यंत्र आमच्याकडेही आणलं होतं. पण हळदीत हात घालणाऱ्या माणसांचे पिवळे अंगठे त्याला ओळखता येईनात. ते सगळ्यांनाच गैरहजर दाखवू लागलं, आणि काम पुन्हा माझ्याकडे आलं. मारोतराव पॉलिशच्या ढोलावर असतात. वाळलेली हळकुंडं ढोलात घालायची, ढोल फिरवायचा, हळकुंडं एकमेकांवर घासून गुळगुळीत झाली की काढायची. या कामात माणूस डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होतो. मारोतरावांच्या भुवयाही पिवळ्या आहेत. नाक्यावरचा चहावाला त्यांच्यासाठी वेगळा ग्लास ठेवतो, कारण तो ग्लास आता धुऊनही निघत नाही.

बोलणं कमी. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बराबर हाय का न्हाई?" असं विचारतात आणि उत्तराची वाट पाहत नाहीत. रजेचा अर्जही त्यांच्याच भाषेत. एकदा मुलीच्या बाळंतपणासाठी त्यांनी लिहिलं, "पुसेगावपासून हिंगोलीपर्यंत रजा मिळावी." मॅनेजर साहेब पुण्याकडचे, नवे आलेले. त्यांनी मला बोलावून विचारलं, "हे पायी जाणार आहेत का?"

"साहेब, तीन दिवसांची रजा मागतायत," मी सांगितलं.

"मग तारखा लिहायला काय होतं?"

मी अर्जावर तारखा घालून दिल्या.

आणखी एक गोष्ट मी हजेरी लिहिता लिहिता पाहिली होती. सुट्टीचा भोंगा झाला की माणसं गेटकडे पळतात. मारोतराव पळत नाहीत. ते ढोल पुसतात, अंगण झाडतात, कुणाची सायकल पंक्चर असली तर ती काढून देतात. जादा कामाला माणूस हवा असला की कधी नाही म्हणत नाहीत. "घरी जाऊन तरी काय करू?" असं म्हणून थांबतात. फक्त त्यांच्या त्या 'घर'च्या दिवशी मात्र भोंग्याच्या आधीपासून चपला घालून गेटपाशी उभे. त्या दिवशी दुप्पट मजुरी देतो म्हटलं तरी थांबायचे नाहीत. आणि दिवसभर एकच पालुपद, "आज घर, अन् मी हितं! बराबर हाय का न्हाई?"

कारखान्याची साप्ताहिक सुट्टी विजेवर ठरलेली. ज्या दिवशी आमच्या लाइनची वीज बंद, त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी. तो दिवस म्हणजे मारोतरावांचं डोंगरकडा. 'घर' त्याच्या नेमकं दुसऱ्या दिवशी. म्हणजे सुट्टी हुकायची ती एका दिवसाने, आणि दर आठवड्याला हुकायची. मी एकदा म्हटलं, "मामा, मग डोंगरकड्याला घर म्हणा की. कोण अडवतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी खोटी हजेरी लावायला सांगत होतो.

या वर्षी हंगाम सुरू होताना मॅनेजर साहेबांनी सगळ्यांना चहाच्या शेडमध्ये जमवलं आणि सांगितलं, की दोन वाटा आहेत. एक, चालू आहे तसं, आठ तासांचे सहा दिवस. दुसरी, बारा तासांचे चार दिवस आणि तीन दिवस सुट्टी. वीज-बंदची सुट्टी सगळ्यांनाच राहील. तिला जोडून निम्म्या माणसांना पुढचे दोन दिवस सुट्टी, निम्म्यांना आधीचे दोन दिवस. निम्म्याहून जास्त माणसं हो म्हणाली तर दुसरी वाट, नाहीतर पहिली.

मी तिथल्या तिथे मनात गुणाकार केला. आठ सक अठ्ठेचाळीस, बारा चोक अठ्ठेचाळीस. तास तेवढेच. मालकाचा फायदा इतकाच, की ढोल रोज चार तास जास्त फिरणार. आमचा फायदा, दोन दिवसांचं जाणं-येणं वाचणार. मला हिशेब पटला. पण शेडमध्ये गोंधळ उडाला होता, आणि तो एका शब्दामुळे. आमच्याकडे दिवसाच्या मजुरीला 'रोज' म्हणतात. दिवस चार म्हणजे रोज चार, हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं, की साहेबांचं पुढचं बोलणं कुणी ऐकलंच नाही.

"दोन रोज खाल्ले!" मागून गजानन ओरडला. हा गजानन मारोतरावांच्या शेजारच्या ढोलावर असतो. अंगाने भक्कम, आवाजानेही. "सहाचे चार केले अन् वरून सुट्टी म्हनून राहिले!"

साहेबांनी समजावलं, मी समजावलं. रोज चार असले तरी प्रत्येक रोज दीडपट मोठा. लोक मान डोलवायचे आणि पुन्हा म्हणायचे, "ते खरं हो भाऊसाहेब, पर रोज तर चारच ना?" मत द्यायला आठ दिवस होते. पहिल्या दिवशी तरी 'चार'च्या बाजूने मी एकच माणूस मोजू शकलो, आणि तो मारोतराव.

कधी कुणाकडे काही न मागणारा हा माणूस त्या आठवड्यात पुढारी झाला. जेवणाच्या सुट्टीत एकेकापाशी जाऊन बसायचा. "तुमाला तीन दिस शेताकडं बघायला भेटत्याल. बराबर हाय का न्हाई?" ज्याला शेत नाही त्याला सांगायचा, "तुमाला तीन दिस नुसतं पडायला भेटल." बायांना म्हणायचा, "माहेरी जाऊन राहून येता येईल." त्यावर एक बाई म्हणाली, "मामा, माझं माहेर मागच्या गल्लीतच हाय." तर म्हणाला, "मंग तर किती वेळा जाता येईल!"

"तुमाला काय कराचं हाय मामा तीन दिसाचं?" गजाननने विचारलं.

"मला तिन्ही नको. मला एकच पायजे. घर."

"घर तर रोजच हाय की!"

"न्हाई," मारोतराव म्हणाले. आणि ते उठून पुढच्या माणसापाशी जाऊन बसले.

त्यानंतर एके दिवशी ते फडक्यात बांधलेलं मोठं गाठोडं घेऊन आले. शेडमध्ये फडकं पसरलं आणि त्यावर भाकरी मांडल्या. एका बाजूला सहा लहान, दुसऱ्या बाजूला चार मोठ्या. कडा अशा वेड्यावाकड्या, की एक भाकर भाकरीसारखी गोल असेल तर शपथ.

"मामा, कुनी केल्या या?"

"म्या."

हशा झाला. मारोतराव तो संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "पीठ एकाच मापाचं. इकडं सहा, तिकडं चार. पोटात पीठ तेवढंच जानार. बराबर हाय का न्हाई?"

 माझा गुणाकार ज्यांच्या डोक्यात आठवडाभर शिरला नव्हता ते भाकरींकडे पाहू लागले. एकीने एक मोठी आणि एक लहान हातात घेऊन तोलून पाहिली. रोज लहान-मोठा असू शकतो, हे त्या क्षणी सगळ्यांना दिसलं. मी मनात म्हटलं, जिंकलं मामांनी.

एवढ्यात गजाननने मोठ्या भाकरीचा तुकडा मोडला, मिरचीला लावून तोंडात टाकला आणि चावता चावता थांबला.

"मामा, ही तर मधी कच्ची हाय."

"कुठं?"

"ही काय. कडंला भाजली, मधी पीठ. बारा घंट्याचं बी असंच व्हनार. सकाळी बरं, संध्याकाळी बरं, दुपारून मानूस ढोलापाशी चक्कर येऊन पडनार."

सगळे पुन्हा गजाननच्या बाजूने झाले, आणि खरं सांगायचं तर मीही झालो. मुद्दा बरोबर होता. बारा तास या आकड्याच्या मध्यभागी माणूस असतो, हे माझ्या गुणाकारात आलं नव्हतं. मारोतरावांनी तो तुकडा हातात घेतला, उलटासुलटा पाहिला, स्वतः खाऊन पाहिला. बराच वेळ चावला.

"कच्ची हाय," ते म्हणाले. "मोठी भाकर मोठ्या जाळावर व्हत न्हाई. जाळ कमी करावा लागतो." आणि तसेच उठून तो तुकडा घेऊन मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. आम्ही मागून.

साहेबांच्या टेबलावर त्यांनी भाकरीचा तुकडा ठेवला. "साहेब, ही मधी कच्ची हाय."

साहेबांना वाटलं, कॅन्टीनची तक्रार आहे. "आपल्याकडे कॅन्टीन नाही, मामा."

"कॅन्टीन न्हाई साहेब, बारा घंटे! दुपारून जाळ कमी करा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. या कारखान्यात माझं खरं काम हजेरी नसून मारोतरावांचा दुभाषा होणं हे आहे. मी सांगितलं, "दुपारी पूर्ण तासाची विश्रांती मागतायत. ढोल बंद ठेवून. आणि तो तास कामात धरून."

साहेबांनी तो तुकडा बोटाने दाबून पाहिला. मग मालकांना फोन लावला, बाहेर जाऊन बोलले, परत आले. "तास मंजूर. ढोल बंद राहतील. पण मामा, तो तुकडा उचला, कागदाला डाग पडतोय."

मतदान चिठ्ठ्यांवर घेतलं. साहेबांचा आग्रह होता, की ते गुप्त व्हावं. प्रत्येकाने 'सहा' किंवा 'चार' लिहून चिठ्ठी डब्यात टाकायची. चिठ्ठ्या उघडल्या तर प्रत्येकीवर पिवळी बोटं. गडद असेल ती ढोलावरच्या माणसाची, फिकी असेल ती पॅकिंगमधली, आणि एकच स्वच्छ पांढरी होती ती माझी. गुप्त काही राहिलंच नाही. मी मोजलं, आणि सवयीने पुन्हा मोजलं. 'चार'चा ढीग 'सहा'पेक्षा चांगला उंच होता. त्यात गडद बोटांची एक चिठ्ठी होती. तिला मिरचीचा वास येत होता.

शेडमध्ये टाळ्या पडल्या. मारोतराव मात्र टाळी वाजवत नव्हते. अजून एक पायरी होती. कुणाला पुढचे दोन दिवस, कुणाला आधीचे, याची सोडत निघायची होती. पुढचे दोन म्हणजे घर आणि सेनगाव. आधीचे दोन म्हणजे हिंगोली आणि कळमनुरी.

डब्यात हात घालून मारोतरावांनी चिठ्ठी काढली. माझ्याकडे दिली. मी वाचली आणि मला ती वाचून दाखवावीशी वाटेना.

"सांगा भाऊसाहेब."

"हिंगोली, कळमनुरी," मी म्हणालो.

ते तिथल्या हळदीच्या पोत्यावर खाली बसले. आठवडाभर उभा असलेला माणूस एकदम बसला. इतकं सगळं करून तीन दिवस सुट्टी मिळाली होती, आणि हवा तो दिवस त्यात नव्हता. पुन्हा एका दिवसानेच हुकला होता.

गजाननने आपली चिठ्ठी उघडली, वाचली आणि मारोतरावांच्या खिशात कोंबली.

"हे काय?"

"घर हाय. ठिवा."

"काहून?"

"काहून म्हंजे? तुमची भाकर खाल्ली न्हाई का म्या! कच्ची असली म्हनून काय झालं?" आणि माझ्याकडे वळून तो त्याच्या नेहमीच्या आवाजात ओरडला, "भाऊसाहेब, बदलून लिवा! मला काय, मला कळमनुरी बी चालती अन् लंडन बी चालतं!"

मी बदलून लिहिलं. 

मग जो दंगा झाला तो कारखान्यात पूर्वी कधी झाला नसेल. कुणीतरी ओंजळभर हळद उचलली. "मामाला हळद लावा रे!" "लागूनच हाय की!" "मंग अजून लावा!" पॅकिंगच्या बायांनी नवरदेवाला हळद लावताना म्हणतात ती गाणी सुरू केली. गजाननने त्यांना खांद्यावर उचललं. खांद्यावर बसून, भुवयांवरची हळद डोळ्यांत जात असताना, मारोतराव म्हणत होते, "उतरव रे, उतरव! बराबर हाय का न्हाई?" मॅनेजर साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर पाच बोटं उमटली. कुणाची ते साहेबांना कळलं नाही. मला कळलं, पण ते लिहायचा रकाना हजेरीपटात नाही.

नव्या पद्धतीत माझीही पुढच्या दोन दिवसांच्या गटातच वर्णी लागली. पहिल्याच सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरून मला स्पष्ट सांगण्यात आलं, की दिवसभर पायात पायात येऊ नका, बाहेर जा. माझ्या मनात सातव्या बाजाराचा हिशेब राहिलाच होता. म्हणून दुपारी मी मारोतरावांच्या गल्लीत गेलो.

ते ओट्यावर बसले होते, हातात काठी. कावळा पत्र्यावर बसला की काठी वर करायचे. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कांदे-बटाट्याची गाडी आली, भोंग्यावर ओरडत. मारोतराव अनवाणी धावले, गाडीपुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि गाडीवाल्याने भोंगा बंद करेपर्यंत हलले नाहीत. परत येताना मी दिसलो. काही बोलणार, तोच त्यांनी पिवळं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू, भाऊसाहेब. घर निजलंय."

दार अर्धं लोटलेलं होतं. आत पंख्याखाली, चटईवर त्यांच्या पत्नी कौसाबाई झोपल्या होत्या. उशाला कापडाची मोठमोठी गाठोडी. एकातून परकराचा काठ बाहेर आला होता.

"बाजार करती," मारोतराव कुजबुजले. "परकर, गाऊन, बायांचे कपडे इकती. पहाटं टेम्पोत बसती, रातीला येती. आज हितं, उद्या तितं. म्या एकदा डोंगरकड्याला गेलतो संगं. तिच्या बाजूला बसलो. एक बी बाई दुकानापाशी येईना. मानूस बसल्यावर बाया कशा घेत्याल? तिनंच मला वापस लावलं."

मी ओट्यावर टेकलो. सेनगाव, पुसेगाव, औंढा. इतकी वर्षं हा माणूस गेटवर मला वार सांगत नव्हता. कौसाबाई आज कुठे आहेत, ते सांगत होता.

"आज त्या घरी," मी म्हटलं.

"आज घर."

"पण त्या तर झोपल्यात, मामा. एवढं सगळं केलंत, आणि..."

"मंग? निजूच द्यायची. सा दिस बसून बसून कंबर धरती तिची." त्यांनी पत्र्यावरच्या कावळ्याकडे काठी उगारली. "पयले आजच्या दिसाला मी तिकडं ढोलापाशी, अन् हितं गाड्या, कोंबड्या, शेजारची पोरं. कधी नीज झालीच न्हाई तिची. आता म्या हाय."

चुलीपाशी ताटाखाली भाकरी झाकून ठेवलेल्या दिसत होत्या. एक कड बाहेर आली होती, तशीच वेडीवाकडी.

"आजच्या कशा झाल्यात?"

"मधी जरा कच्च्या," ते म्हणाले. "पर जाळ कमी केलाय. शिकून राहिलो."

आत चटई हलली. झोपेतला आवाज आला, "कोन आलंय वो?"

मारोतरावांनी दार हळूच आणखी लोटलं.

"कोनी न्हाई," ते म्हणाले. "नीज तू."

मी चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. एवढी वर्षं मी लोकांची हजेरी लिहितो आहे. गैरहजर लागल्याचा आनंद मला त्या दिवशी पहिल्यांदा झाला.